आई हजर होती

पूमणीचं दही मडकं उपडं केलं तरी पडायचं नाही. नावलंतुरै गावात ही गोष्ट कुणी कौतुकानं सांगत नसे. दुपारी ऊन लागतं, तसंच हे. नवं गिऱ्हाईक आलं की ती मडक्यावरचं केळीचं पान काढायची, मडकं हातावर तोलायची आणि त्या माणसाच्या डोक्यावर धरून सरळ उलटं करायची. माणूस मान खांद्यात ओढून घ्यायचा. दही जागचं हलायचं नाही. मग मडकं खाली घेत ती म्हणायची, "घाबरलात? म्हशी माझ्या आहेत, सरकारच्या नव्हेत."

गाव खाडीच्या उगवतीच्या काठावर. समोरचा तो मावळतीचा काठ. उगवतीला लष्कराची ठाणी होती आणि मावळतीला पोरांचं राज्य. पोरं म्हणजे बंदुका घेऊन जंगलात गेलेली, आपल्याच भाषेची, आपल्याच घरांतली पोरं. आता त्यांतल्या कित्येकांच्या मिशा पिकायला आल्या होत्या, तरी लोक पोरंच म्हणत. दुसऱ्या नावानं हाक मारायचा धीर कुणाला नव्हता. पूमणीचा नवरा, धाकटी पोटात असताना, जाळं टाकायला म्हणून गेला तो परत आला नाही. कुणाच्या गोळीनं गेला हे विचारायची गावात पद्धत नव्हती.

त्या मुलखात घर बाईचं असतं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, आणि मुलीला घर द्यायचं ते आईनं. थोरली तवमलर चालायला लागली तेव्हाच पूमणीनं आपल्या झावळ्यांच्या खोपटाशेजारी तिच्या घराचा पाया घातला होता. दह्यातून काही उरलं की त्याच्या विटा यायच्या. एका वर्षी भिंती झाल्या, एका वर्षी वादळानं एक पाडली, ती पुन्हा झाली. दोन्ही बाजूंनी कागदावर सही करून गोळीबार थांबवला, त्या वर्षी घरावर कौलं चढली. मायलेकी अजून खोपटातच निजत होत्या. घराला कुलूप. तवमलर रोज सकाळी त्याचं अंगण झाडायची आणि म्हणायची, "अम्मा, एवढ्या मोठ्या घरात मला एकटीला झोप नाही यायची."

"एकटी कशाला? दह्यावर नवरा फुकट असं सांगेन बाजारात. येईल कुणीतरी."

सही झाली तेव्हाच परदेशी निरीक्षक आले. दूरच्या थंड देशांतली माणसं. त्यांनी मोठ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या भातगिरणीशेजारी एक घर भाड्यानं घेतलं आणि दारात पांढऱ्या गाड्या उभ्या केल्या. दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकायच्या, जागेवर जाऊन बघायचं आणि दर शनिवारी राजधानीला लिहून कळवायचं, हे त्यांचं काम. तिथून ते त्यांच्या देशांच्या वकिलातींत जायचं, असं म्हणत. गावानं त्यांना नाव ठेवलं, बघे. पूमणीची शेजारीण सिन्नम्मा म्हणायची, "बंदूक नाही, काठी नाही, नुसते डोळे. असला राखणदार मी माझ्या माडांना ठेवला, तर झाडावर नारळ काय, झावळी राहायची नाही."

पूमणी त्यांच्याकडे दही घालू लागली. त्यांतला म्होरक्या हाल्वोर साहेब. उंची एवढी की गावातल्या प्रत्येक चौकटीला त्याचं कपाळ लागायचं आणि कपाळावर कायम एक लाल वण. पहिल्या दिवशी पूमणीनं रिवाजाप्रमाणे मडकं उलटं धरलं, तेही त्याच्या टेबलावरच्या कागदांच्या ढिगावर. आतली सगळी माणसं ओरडत उठली. साहेब मात्र बसून राहिला, वर मडक्यात बघत, आणि मग खुर्ची करकरेपर्यंत हसला. विनासितंबी मास्तर, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्याचे दुभाषी होते. त्यांनी सांगितलं, "साहेब म्हणतात, त्यांची आईसुद्धा दही लावायची. पण तिनं मडकं उलटं केलं असतं तर कोट धुवायला टाकावा लागला असता."

दह्याचं मडकं तिथं कुणी परत देत नाही. खाल्लं की फोडायचं किंवा कुंपणापलीकडं भिरकावायचं. हे साहेबाला कुणी सांगितलं नाही. तो प्रत्येक मडकं घासून, उन्हात वाळवून गच्चीच्या कठड्यावर रांगेनं मांडून ठेवायचा. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, बघ्यांनी कुंभारकाम काढलं.

गोळीबार थांबला होता तरी पुढच्या लढाईची तयारी थांबली नव्हती. मावळतीच्या काठावरून शब्द आला, घरटी एक. प्रत्येक घरानं एक मूल द्यायचं. लोकांनी मुलांना मामाकडं पाठवलं, मुलींची घाईघाईनं लग्नं लावली. पूमणी म्हणाली, माझ्या घरात पुरुष नाही, आमच्या वाट्याला कशाला येतील. एका दुपारी तवमलर शिवणाच्या वर्गाहून परत येत होती. भाताच्या खाचरांमधल्या आडवाटेला, ठाण्यांच्या नजरेआड, पोरांचा ट्रॅक्टर उभा होता. तिच्याबरोबर आणखी दोघींना नेलं. धाकटी कोमळम, अजून प्राथमिक शाळेतली, बहिणीबरोबरच होती. ती एकटीच तिची कापडी पिशवी छातीशी धरून घरी आली. पिशवीत अर्धवट शिवलेला झगा होता, कोमळमच्याच मापाचा.

पूमणी दुसऱ्याच दिवशी बोटीनं पलीकडं गेली. पोरांच्या कचेरीत तिला चहा दिला. "अक्का, तुमची मुलगी आता देशाची झाली," असं एका सभ्य तरुणानं सांगितलं. ती परत आली आणि म्हशींची धार काढायला बसली. हात चालेना. म्हशी तेवढ्यानं बिथरल्या.

निरीक्षकांकडं जाऊ नकोस, असं सिन्नम्मानं तिला बजावलं. "बघे बघून जातील. पोरं इथंच राहणार आहेत. आणि तुझ्याकडं अजून एक आहे."

तरी पूमणी गेली. मडकं टेबलावर ठेवलं, उलटं केलं नाही. साहेबाला त्यावरूनच काहीतरी कळलं. तिनं सांगितलं, मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, साहेबानं लिहून घेतलं. मुलीचं वय विचारलं. अजून सोळा पूर्ण नाही, असं पूमणी म्हणाली. त्यावर साहेबानं पेन खाली ठेवलं. अठराच्या आतलं मूल घ्यायचं नाही, असं त्या सहीच्या कागदात होतं, त्यामुळं याला धरून बोलता येईल, असं तो म्हणाला. त्यानंतर तो कितीदा मावळतीच्या काठाला गेला. दर वेळी चिखलानं भरलेल्या बुटांनी परत यायचा आणि मास्तर दारातूनच मान हलवायचे.

एवढ्यात वैकासी महिना लागला. गावच्या अम्मनचं देऊळ वर्षभर बंद असतं, त्या महिन्याच्या पौर्णिमेच्या आधी आठवडाभर उघडतं. ही अम्मन न्याय मिळाला नाही म्हणून एक अख्खं शहर जाळून, त्या रागानं तापलेलीच या किनाऱ्याला आली, असं म्हणतात. आठवडाभर तिला आळवायचं, आणि शेवटच्या दिवशी पाण्यानं, निंबाच्या पाल्यानं निववायचं. नवस बोललेली माणसं पहिल्या दिवशी मनगटावर हळकुंड बांधलेलं कंकण बांधून घेतात. कंकण बांधलं की अम्मन निवेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर तिचा ताप गावातल्या पोराबाळांवर उतरतो. पूर्वी एकजण कंकण घालून कोंबड्यांची झुंज बघायला शेजारगावी गेला होता. त्या वर्षीच्या गोवरानं किती पाळणे रिकामे झाले, ते म्हाताऱ्या बायका अजून हळू आवाजात सांगत.

देवळाचा पुजारी कंदप्पोडी, पूमणीचा थोरला भाऊ. तवमलर परत येऊ दे म्हणून पूमणीनं त्याच्याचकडून कंकण बांधून घेतलं. तवमलरचा मामाच तो. गाठ पक्की मारली.

आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी साहेब धावतच देवळाच्या अंगणात आला, दारात कपाळ आपटून घेत. पोरांनी कबूल केलं होतं. मुलीला निरीक्षकांसमोर आणतील, तिच्या तोंडून विचारून घ्यायचं, आईनं हजर राहायचं. परवा, मावळतीच्या काठावर.

पूमणीनं मनगट वर केलं.

साहेबाला कळेना. मास्तर बराच वेळ समजावत राहिले. साहेब हसला नाही, चिडलाही नाही. फक्त एकदा देवळाकडं बघितलं आणि विचारलं, हे चार दिवसांनी झालं तर चालेल का? पोरांना त्यानं तसं विचारलंही. उत्तर आलं, परवा, नाहीतर कधीच नाही.

मग त्यानंच वाट काढली. गावाच्या धक्क्याशी पाण्याच्या कडेला एक काळा दगड आहे, तीच गावाची शीव. पोरं मुलीला बोटीनं त्या दगडापर्यंत आणतील. बोट काठाला लागणार नाही, कारण हा काठ लष्कराचा. पूमणीनं दगडावर उभं राहायचं. मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आता नीट ऐक. पोरीचा पाय एकदा या काठाला लागला की ती या बाजूची. परत न्यायला त्यांना लष्करासमोर यावं लागेल, ते येणार नाहीत. साहेबांना कुणाला हात लावायची परवानगी नाही. पण आईनं लेकीचा हात धरून ओढला, तर आईला कोण काय म्हणणार? बोट अगदी जवळ आणायला त्यांनी मुद्दाम सांगितलंय."

"किती जवळ?"

"एक पाऊल पाण्यात टाकलंस की झालं."

पूमणी भावाकडं गेली. तो समया पुसत होता. तिनं विचारलं, "अण्णा, दगडाच्या पुढचं पाणी शिवेच्या आत की बाहेर?"

कंदप्पोडीनं वर बघितलं नाही. "शीव दगडाशी संपते."

"एक पाऊल."

"पूमणी, मी फक्त बांधणारा. सोडणारी ती." आणि तो पुन्हा समई पुसायला लागला, पुसलेलीच.

दुसऱ्या दिवशी सिन्नम्मा पूमणीच्या अंगणात येऊन बसली. तिच्या घरात तीन नातवंडं, धाकटं अजून अंगावर पिणारं. "मी काही म्हणायला आले नाही," ती म्हणाली. आणि खरंच काही म्हणाली नाही. संध्याकाळपर्यंत बसली, पान खाल्लं, गेली.

ठरलेल्या दुपारी ऊन इतकं होतं की खाडीचं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं दिसत होतं. साहेबानं लष्कराच्या माणसांना रस्त्यापलीकडं थांबवून ठेवलं होतं. स्वतः विजारीचे पाय दुमडून तो गुडघाभर पाण्यात उभा होता, मास्तर त्याच्या मागं धोतर सावरत. पूमणी दगडावर. गावातल्या बायका तिच्या मागं, आणि त्यांच्या मागं, निंबाखाली, कंदप्पोडी. कोमळमला घरात कोंडून ठेवलं होतं.

बोटीचं इंजिन दुरूनच बंद झालं. नावाडी बांबूनं रेटत बोट आणत होता. पुढं कमरेला गोळ्यांचा पट्टा बांधलेली एक बाई, तरुणच, चेहऱ्यावर काही नाही. मध्ये तवमलर. पूमणीनं आधी तिला ओळखलंच नाही. तेल लावून लावून कमरेपर्यंत वाढवलेली वेणी गेली होती. इतके दिवस केसांखाली राहिलेली मान उन्हानं रापली नव्हती, चेहऱ्यापेक्षा उजळ, लहान मुलासारखी दिसत होती.

साहेबानं नाव विचारलं. तिनं सांगितलं. वय विचारलं.

"अठरा."

मागं बायकांत कुजबूज झाली. तुला कुणी जबरदस्तीनं नेलं का, असं मास्तरांनी विचारलं. तवमलरनं मास्तरांकडं बघितलं नाही. आईकडं बघून म्हणाली, "अम्मा, कोमळम शाळेत जाते ना?"

"जाते."

"एकटी पाठवू नकोस. तिची वेणी कोण घालतं?"

"मीच घालते."

तिनं मान हलवली. मग साहेबाकडं वळून, पाठ केलेली कविता म्हणावी तशा एकाच सुरात म्हणाली, "मी माझ्या मर्जीनं गेले. मला घरी जायचं नाही."

पट्टेवाल्या बाईनं नावाड्याकडं बघितलं. मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, पण साहेब लिहीत नव्हता. तो पूमणीकडं बघत एक पाऊल बाजूला सरकला. आता बोट आणि दगड यांच्यामध्ये कुणीच उरलं नव्हतं. बोटीची कड इतकी जवळ होती की तिच्यावर वाळलेलं शेवाळ दिसत होतं. पूमणीनं लुगडं वर घेतलं आणि पाय उचलला.

तवमलरची नजर तिच्या मनगटावर गेली.

"अम्मा, कंकण," ती म्हणाली.

हा आवाज मघाचा नव्हता, घरातला होता. चुलीपाशी वाकताना आईचा पदर जाळाकडं जायला लागला की ती अशीच म्हणायची, अम्मा, पदर. आणि पूमणी न बघताच पदर ओढून घ्यायची. तशीच, त्याच सवयीनं, तिनं पाय मागं घेतला.

तेवढा वेळ पुरला. पट्टेवाली बाई एक शब्द बोलली, नावाड्यानं बांबू रोवला आणि बोट मागं गेली. पूमणीला भान आलं तोवर मध्ये पुरुषभर पाणी होतं. मागं कुणीतरी रडायला लागलं. ती सिन्नम्मा होती.

अम्मन निवली. कंदप्पोडीनं बहिणीचं कंकण सोडलं, आणि दुसऱ्या सकाळी पूमणी नेहमीसारखं दही घेऊन भातगिरणीशेजारच्या घरी गेली. शनिवार होता. तिनं विचारलं, "साहेब, काय लिहिलंत?"

मास्तर टाळायला बघत होते. साहेबानं स्वतःच कागद काढून वाचला, मास्तरांनी सांगितलं. मुलीनं आपलं वय अठरा सांगितलं. आपण स्वखुशीनं गेलो, परत यायचं नाही, असं सांगितलं. आई हजर होती.

"एवढंच?"

"एवढंच."

"सगळे म्हणतात तुम्ही बघायला आलात. मग बघितलं नाहीत?"

साहेबानं कागद घडी घालून ठेवला. मग जे बोलला ते मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं. "ते म्हणतात, बघितलं. पण ती तोंडानं जे म्हणाली त्याच्या उलट मी लिहिलं, तर उद्या दुसऱ्या कुठल्या आईसमोर पोरीला ते आणणार नाहीत."

पूमणीनं हे मनात घोळवलं. त्यात तिला खोट दिसेना. "आणि मी पाय मागं घेतला, ते?"

"ते लिहिलं नाही."

दया म्हणून लिहिलं नाही, की असल्या गोष्टीला त्यांच्या कागदात जागाच नसते म्हणून, हे तिनं विचारलं नाही. पुढं विचारायला कुणी उरलंही नाही. काही काळानं दोन्ही बाजूंनी सही मोडली, तोफा पुन्हा सुरू झाल्या आणि निरीक्षकांना परत बोलावणं आलं. जायच्या दिवशी साहेब गाडी भरून मडकी घेऊन पूमणीच्या दारात आला. एवढी मडकी परत आलेली बघून गावातली माणसं हसली, त्या दिवसांतसुद्धा. मास्तरांनी त्याला कानात सांगितलं की वाट बघणाऱ्या बाईच्या घरात रिकामं भांडं नेऊ नये. साहेब गाडीकडं परत गेला, आपल्या स्वयंपाकघरातला उरलेला तांदूळ आणला आणि प्रत्येक मडक्यात मूठ मूठ टाकत बसला. पूमणी त्याला म्हणाली, "साहेब, तुमची आई आहे का अजून?" आहे, म्हणाला. "मग आधी घरी जा."

लष्करानं मावळतीचा काठ घेतला. खाडी ओलांडून माणसांचे लोंढे आले. पूमणी धक्क्यावर उभी राहून प्रत्येक कापलेल्या केसांच्या पोरीचा चेहरा बघायची. पोरं उत्तरेला सरकली होती आणि तवमलर त्यांच्याबरोबर. तिथून निसटून आलेली एक मुलगी फक्त एवढं सांगत आली, "शिवणाच्या तंबूत होती, अक्का. तिच्या हातचे सदरे आम्ही घातलेत." मग उत्तरेचं जे झालं ते झालं. त्यानंतर काही कळलं नाही.

लढाई संपली. खाडीवर पूल झाला. पूमणी आता बसनं मावळतीच्या काठाला दही विकायला जाते. पण मडकं ती कुणाच्या डोक्यावर धरत नाही. गिऱ्हाइकानं हौसेनं सांगितलं तर म्हणते, "तुम्हीच करा उलटं, पडायचं नाही." कोमळमचं लग्न झालं, तेव्हा खोपट पाडून तिथं तिच्यासाठी दोन खोल्या बांधल्या. शेजारचं कौलारू घर तसंच. जावई एकदा सहज म्हणाला, रिकामं घर वाळवी खाते, भाड्यानं तरी द्यावं. पूमणी म्हणाली, "रिकामं कुठं आहे? मालकीण बाहेर गेलीय." तो विषय पुन्हा निघाला नाही. दर शुक्रवारी ती त्या घरात दिवा लावते. कोमळमच्या लेकीची वेणी ती स्वतः घालते, दुसऱ्या कुणाला घालू देत नाही.

अम्मनचं देऊळ दर वैकासीत उघडतं. कंदप्पोडी दर वर्षी बहिणीला विचारायचा, "बांधू?" आणि ती म्हणायची, "पुढच्या वर्षी." त्या आठवड्यात संध्याकाळी ती धक्क्यावर जाऊन काळ्या दगडापुढच्या पाण्यात घोटाभर उभी राहायची. भाऊ देवळातून बघायचा. 

गेल्या वर्षी देऊळ उघडायच्या आदल्या दिवशी पुन्हा परदेशी माणसं आली. कुठल्याशा वकिलातीतली तरुण मुलगी, बरोबर दुभाषी. देवळाच्या निंबाखाली तिनं हरवलेल्यांच्या आयांना बसवलं. जुने कागद तिच्याजवळ होते. ती अदबीनं म्हणाली, "अम्मा, तुमची मुलगी स्वखुशीनं गेली असं इथं आहे."

"बरोबर आहे. ती तसंच म्हणाली."

"म्हणजे तुमची तक्रार नाही?"

सिन्नम्मा, आता काठीशिवाय उठता न येणारी, बसल्या जागेवरून कडाडली, "तक्रार कशी नाही? बोटीत बंदूक बसली होती शेजारी. ते नाही का लिहिलं तुमच्या माणसांनी?"

पूमणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या साहेबांनी ऐकलं ते लिहिलं. खोटं काही नाही त्यात. आई हजर होती, असंही आहे ना बघा." मुलीनं कागद बघून मान हलवली. "तेवढ्याच्या पुढं एक लिहा. आई हजर होती, पण पाण्यात उतरली नाही. लेक म्हणाली, अम्मा, कंकण."

कंकण म्हणजे काय, ते दुभाषी सांगत राहिला. मुलीनं लिहिलं की नाही, ते पूमणीनं बघितलं नाही. ती म्हशी सोडायला घरी गेली.

दिवस कलताना कंदप्पोडी तिच्या अंगणात आला. पंचा खांद्यावर, हातात हळदीच्या दोऱ्यांची पुरचुंडी. डोळ्यांत मोतीबिंदू आल्यानं पुढच्या वर्षापासून पूजा त्याचा भाचेजावई करणार होता. कौलारू घराच्या पायरीवर तो टेकला.

"निंबाखाली ऐकलं मी," तो म्हणाला. "एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तू पाण्यात उतरली असतीस ना, तर मी पुढं येऊन सांगणार होतो, गावाला, साहेबाला, सगळ्यांना, की कंकण मी सकाळीच सोडलंय, हातात आहे तो नुसता हळदीचा दोरा, नवसाचा नव्हे. अम्मनसमोर खोटं बोललो म्हणून काय व्हायचं ते मला झालं असतं. आदल्या दिवसापासून मी हेच घोकत होतो."

पूमणी म्हशीच्या गळ्यातला दोर सोडत होती. ती थांबली. "मग आधी का नाही म्हणालास, अण्णा?"

"तू उतरशील, मग म्हणेन, असं वाटलं." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "मीही बघत उभा राहिलो."

म्हैस पूमणीच्या खांद्याला डोकं घासत होती. तिनं तिला ढकललं नाही. आत कोमळम लेकीला हाका मारत होती, वेणी घालून घ्यायला आजीकडं जा म्हणून. पूमणी हात धुऊन आली, भावाशेजारी पायरीवर बसली. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्याच्या बाजूला कुठंतरी बघत होते, नेम धरता येत नव्हता. तिनं त्याच्या हातातली पुरचुंडी सोडली, एक दोरा काढून त्याच्या बोटांत दिला आणि आपलं मनगट त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

त्याचे हात चाचपडत गाठ मारायला लागले.

"सैल बांध, अण्णा," ती म्हणाली.